ट्रॅक्टर गेला तेव्हा

पहाटेचे साडेपाच. मोझरीपासून थोड्याच अंतरावरचं हे गाव, पऱ्हाटीच्या वावरांवर अजून धुकं आहे आणि मंदिरात सतरंजी टाकून दहा-बारा जण डोळे मिटून बसलेत. सकाळी सामुदायिक ध्यान अन् संध्याकाळी प्रार्थना, तुकडोजी महाराजांनी लावून दिलेली सवय, इथं ती अजून टिकून आहे.

आत्ता यांच्या डोक्याला मेंदूतली बारीक वीज टिपणारं ईईजी मशीन लावलं तर बहुतेकांच्या मागच्या बाजूला अल्फा लहरी दिसतील, सेकंदाला 8 ते 13 वेळा वरखाली होणाऱ्या. पण लगेच समाधी वगैरे म्हणू नका हं. एसटी स्टँडवर बाकड्याला टेकून निवांत डोळे मिटलेल्या माणसालाही त्या येतात, त्यामुळे मोबाईलवर अल्फा म्युझिक विकणाऱ्यांचं जरा जपूनच ऐकायचं.

या लहरी माणसाच्या डोक्यावरून पहिल्यांदा टिपल्या जर्मनीतल्या येनामध्ये हान्स बर्गरनं, 1924 साली, आणि छापल्या 1929 ला. खरं तर तो शोधत होता भलतंच. तरुणपणी सैन्यात असताना घोड्यावरून पडला, तोफेच्या गाड्याखाली जाता जाता वाचला, आणि घरून तार आली की बरा आहेस ना, कारण तिकडं बहिणीच्या मनात पाल चुकचुकली होती. हे एका मनातलं दुसऱ्या मनात जातं कसं म्हणून तो मेंदूच्या मागे लागला, ते काही सापडलं नाही, अल्फा सापडली. तीही किती बारीक, तर साधारण 50 मायक्रोव्होल्ट, आपल्या टॉर्चमधल्या दीड व्होल्टच्या सेलचा 30 हजारावा भाग.

डोळे उघडले किंवा मोठा आवाज झाला की अल्फा तुटते. खरी मजा इथून आहे. 1961 मध्ये दिल्लीच्या एम्समधल्या डॉक्टरांनी ध्यानाला बसलेल्या योग्यांसमोर प्रखर दिवा लावला, जोरात आवाज केले, गरम काचेची नळी अंगाला लावली, तरी अल्फा तुटली नाही. दोघांनी तर 4 अंश थंड पाण्यात पाऊण तासाच्या वर हात ठेवला. मग 1966 ला जपानमधून झेन पंथाच्या बौद्ध साधूंचं उलटंच आलं, प्रत्येक टकटकीला त्यांची अल्फा दोन-तीन सेकंद तुटायची आणि परत यायची, विसाव्या टकटकीलाही पहिल्यासारखीच. आपल्याला दोन-चार टकटकींत सवय होऊन जाते, त्यांना होत नव्हती. म्हणजे ध्यान म्हटलं की सगळ्यांच्या डोक्यात एकच गोष्ट घडते असं काही दिसत नाही.

आता हे कोपऱ्यातले आजोबा बघा. शूटिंग चालू असताना मंदिराला खेटून ट्रॅक्टर गेला, आमचा कॅमेरावाला दचकला, फ्रेम हललेली दिसेल तुम्हाला, आजोबांची पापणीसुद्धा हलली नाही. मशीन काही आमच्याकडं नव्हतं, म्हणून ध्यान संपल्यावर सरळ विचारलं, आबाजी, ट्रॅक्टर ऐकू आला का?

"आला ना बाप्पा. सायलेन्सर फुटलं हाय त्याचं, दोनदा सांगतलं त्याले."