पहिल्या बाजूचं सहावं गाणं

श्रोतेहो, नमस्कार.

माझ्याकडे एक कॅसेट आहे, मावसभावानं उतरवून दिलेली. आतल्या कागदावर त्यानं निळ्या बॉलपेननं गाण्यांची नावं लिहिलीत, ए बाजूला सहा आणि बी बाजूला सहा. टेपरेकॉर्डरनं ती दोनदा गिळली. दोन्ही वेळा पेन्सिल घालून फीत गुंडाळली आणि पुन्हा लावली. तेव्हापासून तिसऱ्या गाण्यात एका जागी आवाज क्षणभर बुडतो आणि परत वर येतो. आज तेच गाणं मोबाइलवर अगदी स्वच्छ ऐकतानाही ती जागा आली की मी श्वास रोखून धरतो.

ही गाणी आहेत जेम्स टेलर या अमेरिकन गायक-गीतकाराची. हा संग्रह 1976 च्या नोव्हेंबरमध्ये 'जेम्स टेलर्स ग्रेटेस्ट हिट्स' या नावानं निघाला. तेव्हा तो अठ्ठावीस वर्षांचा होता आणि वॉर्नर ब्रदर्स सोडून कोलंबियाकडे निघाला होता. कलावंत कंपनी सोडतो तेव्हा जुनी कंपनी असा एखादा संग्रह काढते, तसाच हा. खपाच्या यादीत तो 23 व्या क्रमांकाच्या वर कधी गेला नाही. आणि तरी एकट्या अमेरिकेत त्याच्या 1 कोटी 10 लाख प्रतींची अधिकृत नोंद झाली. म्हणजे पहिल्या महिन्यात रांगा लागल्या नाहीत, पण पुढं वर्षानुवर्षं लोक दुकानात जाऊन तो घरी आणत राहिले.

गाजलेल्या गाण्यांच्या संग्रहात नवीन काय मिळणार, असं आपण धरून चालतो. इथं पहिलीच दोन गाणी नवी आहेत. गाणी जुनी, आवाज नवा! त्याचं असं झालं, की टेलरची पहिली तबकडी 1968 मध्ये लंडनला, बीटल्सच्या ॲपल कंपनीनं काढली होती. या संग्रहातलं पहिलं गाणं, 'समथिंग इन द वे शी मूव्ह्ज', त्याच तबकडीतलं. ते ऐकून बीटल्समधल्या जॉर्ज हॅरिसनला आपल्या 'समथिंग' या गाण्याची पहिली ओळ मिळाली, इतकी ती मंडळी जवळ होती. पण 1976 मध्ये त्या मूळ ध्वनिमुद्रणांचे हक्क काही जुळेनात. म्हणून टेलरनं ती दोन गाणी या संग्रहासाठी पुन्हा म्हटली. मूळ तबकडीत तंतुवाद्यांची बरीच सजावट होती. इथं ती उतरवून ठेवली आहे आणि गाणं गिटारपाशी येऊन बसलं आहे. कायद्याच्या अडचणीतून हे घडलं, पण माझ्या मते संग्रहाचा जीव तिथंच आहे. विशीतल्या पोरानं लिहिलेले शब्द, मधली आठ वर्षं सोसून आलेला माणूस म्हणतो. घाई नाही, कुणाला काही दाखवायचं नाही.

दुसरं गाणं 'कॅरोलायना इन माय माइंड'. लंडनमध्ये पहिली तबकडी चाललेली, आजूबाजूला बीटल्स, कुठल्याही तरुणाला हेवा वाटावा अशी वेळ. आणि याचं मन धावतंय घराकडे. गाण्याचा काही भाग त्यानं स्पेनच्या फॉर्मेन्टेरा बेटावर लिहिला. ते घर म्हणजे नॉर्थ कॅरोलायनातलं चॅपल हिल. वडील तिथं विद्यापीठात वैद्यकशास्त्र शिकवत. मॉर्गन क्रीक नावाच्या ओढ्यावरच्या पुलाला 2003 पासून टेलरचं नाव आहे. तिथून जवळच्या रॅले आणि केरी या गावांत आज आपली कितीतरी मराठी घरं आहेत. ज्यांची मुलं तिकडे असतात त्या पुण्या-ठाण्यातल्या आजी-आजोबांना ही नावं पाठ असतात. त्यांनी हे गाणं जरूर ऐकावं. घरापासून लांब असलेल्या मुलाला घर कसं दिसतं, ते त्यात आहे.

आता तिसरं, 'फायर अँड रेन', 1970 चं. त्यात तीन कडवी आहेत आणि तीन दुःखं. पहिल्यात एक मैत्रीण गेल्याचं. ती गेल्याची बातमी त्याच्यापासून काही महिने लपवली होती. तो लंडनमध्ये नशीब काढतोय, त्याचं लक्ष विचलित नको, म्हणून मित्रांनी सांगितलंच नाही. दुसऱ्यात हेरॉइनशी चाललेली झुंज. तिसऱ्यात मोडलेला बँड. त्या बँडचं नाव होतं 'फ्लाइंग मशीन'. कडव्यात हे शब्द येतात म्हणून मैत्रीण विमान अपघातात गेली, अशी दंतकथा पसरली आणि अजूनही लोक ती सांगतात. तसं काही नव्हतं. जमिनीवर तुकडे होऊन पडलंय ते त्याचं स्वतःचं स्वप्न.

हे सगळं तो ज्या आवाजात सांगतो तो ऐका. रडत नाही, ओरडत नाही, शब्दाला जास्तीचा जोर देत नाही. रस कुंकल ड्रमवर काठ्यांऐवजी ब्रश वापरतो. तळाशी डबल बास गजानं वाजवलेला आहे आणि पियानोवर कॅरोल किंग बसली आहे. तिचं नाव लक्षात ठेवा.

आणि गिटार! तिसऱ्या पडद्यावर कॅपो, म्हणजे सगळ्या तारा एकदम दाबून धरणारी चाप. अंगठा खालचे स्वर चालवतो, बोटं वर सूर सजवतात. लहानपणी तो चेलो शिकला होता. खर्जाकडे त्याचा कान असतो तो तिथूनच आला असावा. आपल्याकडे तंबोरा जुळवताना जे डोळे मिटून बसतात त्यांना पुढची गोष्ट आवडेल. कॅपो लावला की तारा किंचित चढतात, आणि तार जोरात छेडली की पहिल्या क्षणी स्वर वर जातो. म्हणून टेलर प्रत्येक तार मुद्दाम जराशी उतरवून लावतो. अर्ध्या स्वराचे शंभर भाग केले, तर सगळ्यात जाड तार बारा भाग खाली आणि सगळ्यात बारीक तार तीन भाग खाली. यंत्राच्या काट्याला हे चूक वाटेल, पण कानाला ते गोड लागतं. हे गुपित त्यानं स्वतःच शिकणाऱ्यांसाठी खुलं केलं आहे.

चौथं गाणं, 'स्वीट बेबी जेम्स', ही अंगाई आहे. भावाला मुलगा झाला, त्याचं नाव याच्याच नावावरून जेम्स ठेवलेलं. त्याला भेटायला गाडी चालवत जाताना तीन मात्रांच्या संथ चालीत ती सुचली. पाचवं आहे रस्त्याचं, आणि मग सहावं.

सहाव्याआधी थोडं बी बाजूबद्दल. तिच्यात मजेची गाणी जास्त. मोटाउन या अमेरिकन रेकॉर्ड कंपनीचं एक उसनं, मेक्सिकोचं एक, शेवटी श्रोत्यांसमोर गायलेला दांडगा ब्लूज. पण एक रत्न आहे, 'वॉकिंग मॅन'. हे कधीच हिट झालं नव्हतं, तरी हिट गाण्यांच्या संग्रहात आहे. टेलर लहान असताना वडील नौदलाच्या मोहिमेबरोबर अंटार्क्टिकाला गेले आणि दोन वर्षं घराबाहेर होते. थांबता न येणाऱ्या माणसाचं हे गाणं ऐकताना मला ती दोन वर्षं ऐकू येतात.

आणि सहावं, 'यूव्ह गॉट अ फ्रेंड'. हे टेलरचं नाही. लिहिलं आणि चालीत बांधलं कॅरोल किंगनं, त्या पियानोवालीनं. टेलर सांगत आला आहे, की 'फायर अँड रेन'मध्ये एकटेपणाच्या काळात एकही मित्र सापडला नाही अशी ओळ आहे, तिला हे उत्तर होतं. 1971 मध्ये दोघांनीही ते आपापल्या तबकडीवर म्हटलं. टेलरचं पहिल्या क्रमांकावर गेलं, असं त्याचं हे एकमेव गाणं. संग्रहात प्रश्न तिसरा येतो आणि उत्तर सहावं, एकाच बाजूवर. मध्ये एक अंगाई आणि एक रस्ता. बाजू संपते, सुई उचलली जाते, आणि खोलीत जी शांतता उरते तिच्यात उठून बाजू बदलावीशी वाटत नाही. माझ्या घरी तरी कॅसेट तिथंच थांबायची.

तर तेच लावतोय. मागच्या बाजूला एक उंच, हलका बाईचा आवाज येईल. ती गायिका-गीतकार जोनी मिचेल आहे. ध्रुवपदात ती टेलरच्या जरा वर तरंगत असते, तिच्याकडे कान असू द्या.