ओळखीचं अक्षर

नमस्कार श्रोतेहो.

प्रेम, रहस्य आणि पुरातत्त्व यांची गुंफण असलेल्या कादंबऱ्या मी अधाशासारख्या वाचत आले आहे. त्यांत एक प्रसंग हमखास येतो. नायक पहारीनं भिंत फोडतो, धूळ उडते, नायिका त्याचा हात घट्ट धरते आणि समोर सोनं झळाळतं. नेमकं तिथेच माझं मन पुस्तकातून उठतं. वस्तू कुठल्या थरात, किती खोल, कशाच्या शेजारी सापडली, यावरच तिचं वय आणि तिचा अर्थ ठरतो. ती उपटून काढली की तिची गोष्ट मातीच्या टोपलीतून बाहेर फेकली जाते.

आणि मग तिथे कुणीही हवी ती गोष्ट रचू शकतो. 1873 साली जर्मन उत्खननकार हाइनरिश श्लीमान यांना ट्रॉय या ग्रीक महाकाव्यातल्या प्राचीन नगरीच्या जागी सोन्याचा साठा सापडला. मजुरांना न्याहारीला पाठवून आपण तो सुरीनं खणून काढला आणि पत्नी सोफियानं शालीत बांधून नेला, असं त्यांनी लिहिलं. पण सोफिया तेव्हा अथेन्सला होती! पुढे एका पत्रात त्यांनी स्वतःच ते कबूल केलं. आणि तो साठा ट्रॉयच्या कथेतल्या राजा प्रायमचा, असं ते म्हणत, पण तोही त्याचा नव्हता, त्याच्या मानल्या जाणाऱ्या काळाहून हजारएक वर्षं जुना निघाला. मला राहून राहून वाटतं, कादंबरी इथूनच सुरू व्हावी. आपण जिथे नव्हतोच त्या प्रसंगात स्वतःचं नाव वाचणारी बायको.

मला हवी असलेली नायिका उत्खननाची नोंदवही उघडते. काल तिनं खापराची खोली लिहिली होती, 2 मीटर 10 सेंटिमीटर. आज त्या पानावर 1 मीटर 10 आहे. आकडा कुणी बदलला, हे तिला विचारावं लागत नाही. त्या हाताची पत्रं तिच्या उशाखाली आहेत. बंदूक नाही, ममीचा शाप नाही, तरी वाचणाऱ्याच्या पोटात खड्डा पडतो.

विश्वासही असाच बारीकसारीक गोष्टींतून उगवतो. रहस्यकथा लिहिणाऱ्या अगाथा ख्रिस्ती यांना 1930 साली इराकमधल्या ऊर या प्राचीन शहराच्या उत्खननावर पुरातत्त्वज्ञ मॅक्स मॅलोवन भेटले. वाळवंटात मोटार वाळूत रुतली, तेव्हा त्रागा न करता त्या मोटारीच्या सावलीत शांतपणे झोपून गेल्या. हिच्याशीच लग्न करावं, असं मॅक्सच्या मनानं तिथेच घेतलं. ते वयानं चौदा वर्षांनी लहान होते. त्याच वर्षी लग्न झालं.

पुढे इराकमधल्याच निमरूद या प्राचीन शहराच्या उत्खननात कोरीव हस्तिदंताचे तुकडे निघाले. भेगांत घट्ट माती बसलेली, जोर लावला तर तुकडा जायचा. ख्रिस्तीबाईंनी विणकामाची सुई घेतली, चेहऱ्याला लावायच्या क्रीमची डबी उघडली आणि एकेक भेग साफ करत बसल्या. दोनेक आठवड्यांत तोंडाला लावायला क्रीम उरलं नाही, असं त्यांनीच लिहून ठेवलंय.