लोझान : चढावर वसलेलं शहर

श्रोतेहो, लोझान समजून घ्यायचं तर नकाशा बाजूला ठेवावा लागतो. नकाशा सपाट असतो, आणि स्वित्झर्लंडच्या या शहरात सपाट असं फारसं काही नाही. खाली जिनिव्हा सरोवर, पलीकडच्या काठावर फ्रान्समधले आल्प्स, आणि अलीकडे चढत गेलेली घरं.

मुळात गाव खालीच होतं. रोमनांनी आजच्या विडी भागात, अगदी पाण्यालगत, लूसोना नावाचं बंदर वसवलं. रोमन सत्ता ढासळली, काठावर राहणं धोक्याचं झालं आणि लोकांनी टेकडी गाठली. तिथेच पुढे कॅथेड्रल उभं राहिलं. १२७५ साली खुद्द पोप दहावे ग्रेगरी त्याच्या अभिषेकाला आले होते. १५३६मध्ये बर्नकरांनी हा मुलूख घेतला, प्रोटेस्टंट पंथ आणला, आणि १७९८पर्यंत त्यांचाच अंमल राहिला.

टेकड्यांच्या मधून फ्लों नदी वाहायची. एकोणिसाव्या शतकात ती झाकली, दरीत भराव घातला. त्यामुळे १८४४च्या मोठ्या पुलाच्या खालच्या कमानी आज जमिनीखाली आहेत. कठड्याला टेकून खाली पाहिलं, पाणी दिसेल म्हणून. तर दुकानं, आणि रस्त्यानं चाललेली माणसं!

चढाला उत्तर म्हणून १८७७मध्ये सरोवरकाठच्या ऊशीपासून वर दोरानं ओढली जाणारी गाडी आली. लोकांनी तिचं नाव ठेवलं ‘फिसेल’, म्हणजे सुतळी. किती मायेचं नाव! त्याच वाटेनं २००८पासून चालकाविना धावणारी मेट्रो जाते. तिला रबरी टायर आहेत, कारण काही ठिकाणी चढ शंभर मीटरला बारा मीटर इतका आहे. सगळ्यात पुढच्या काचेशी उभं राहा. बोगदा अंगावर चढून येतो.

ऑलिंपिक समिती १९१५पासून इथे आहे, १९२३चा तुर्कस्तानचा तहही इथलाच. ते तुम्हाला ठाऊक असेल. मला सांगायचंय ते रात्रीचं.

लाकडी घरांच्या काळात आगीची धास्ती फार. म्हणून कॅथेड्रलच्या मनोऱ्यावर पहारेकरी असे; १४०५पासून त्याची नोंद सापडते. आता आगीचा बंब फोनवर येतो, तरी शहरानं पहारेकरी ठेवलाय. २०२१मध्ये या जागी पहिल्यांदाच एका स्त्रीची निवड झाली, याचा मला फार आनंद आहे. रात्री दहा ते दोन, दर तासाला, टोल पडले की पहारेकरी हाताचा कर्णा करून चारही दिशांना ओरडतो.

मी खाली चौकात उभा होतो. घंटेचा घुमारा विरला. वर कंदिलाचा एक ठिपका हलला आणि साधा माणसाचा आवाज आला : ‘पहारा जागा आहे! दहा वाजले, दहा वाजले!’ मग ठिपका कोपऱ्याआड गेला, आणि तीच हाक सरोवराच्या बाजूनं, जरा पुसट, पुन्हा ऐकू आली.