पुढची गोळी कोण देणार?

नमस्कार श्रोतेहो.

सुगी आटोपली, थंडी पडली, की आमच्या नगर-बीडकडच्या गावांत आरोग्य शिबिरांचे दिवस येतात. कुठे साखर कारखाना शिबिर भरवतो, कुठे तरुण मंडळ, कुठे चर्च. मी आज बोलणार आहे ते चर्चच्या शिबिरांबद्दल, कारण माझी उमेदीची वर्षं त्यांत गेली. मी फार्मासिस्ट. मिशनच्या दवाखान्यातून आमचं पथक निघायचं. दोन-तीन परदेशी पाहुणे डॉक्टर, काही पुण्या-मुंबईचे, तीन सिस्टर, आणि औषधाच्या टेबलावर मी. तीन दिवसांत पाच-सहाशे माणसं तपासायची, खोकी गाडीत भरायची आणि निघायचं. निघताना पाहुणे हात हलवून सांगायचे, ‘पुढच्या वर्षी येतो.’

हे ‘पुढच्या वर्षी येतो’ तेवढं लक्षात ठेवा.

तीसेक वर्षं झाली असतील. दुष्काळी भागातलं एक गाव, शाळेचा व्हरांडा, आणि रांगेत एक आजी. हिरवं इरकल, कपाळावर गोंदण, सत्तरीच्या पुढचं वय. डोकं गरगरतं म्हणून आली होती. रक्तदाब निघाला 180 वर 110. पाहुण्या डॉक्टरांनी चिठ्ठी लिहिली, अ‍ॅटेनोलॉल, रोज एक. मी 30 गोळ्या मोजून कागदाच्या पुडीत बांधल्या. म्हटलं, ‘आजी, रोज सकाळी एक घ्यायची.’ आजीनं विचारलं, ‘आन् सरल्यावर?’ मागे रांग होती, उन्हं कलली होती. मी म्हणालो, ‘आम्ही पुढच्या वर्षी येतोच की.’

श्रोतेहो, हे उत्तर मी दिलं होतं. दुसऱ्या कुणी नाही, मी.

पुढच्या वर्षी आमची गाडी शाळेपाशी थांबली, तर पहिल्या पायरीवर तीच आजी बसलेली. मला बघून उठली, कनवटीची पुडी काढली आणि माझ्या हातावर ठेवली. पुडी माझीच, घड्यांवर फाटत आलेली. आत चार गोळ्या. मी विचारलं, ‘आजी, ह्या उरल्या कशा?’ तर म्हणाली, ‘लेकरा, तूच म्हन्ला व्हतास ना, वर्सानं येतो? मंग वरीसभर पुरवाया नको? सोमवारी बाजार असतुया. दर बाजारी अर्धी खाल्ली. अडकित्त्यानं कातरायची. चार उरल्यात, त्या दुसऱ्या कुना गरिबाला दे.’

मी मनातल्या मनात हिशोब केला. वर्षाचे 52 सोमवार. अर्धी-अर्धी म्हणजे 26 गोळ्या. तीसातून 26 गेल्या, राहिल्या चार. एकही चुकली नव्हती. ज्या बाईला पाटीवर आकडा काढता येत नव्हता, तिनं आमचं औषध आमच्या शब्दाप्रमाणे वर्षभर पुरवलं होतं. हिशोब चुकला होता तो आमचा. रक्तदाब तपासला. 210 वर 120.

पाहुण्या डॉक्टरांना मी हे सगळं इंग्रजीत सांगितलं. चार गोळ्या दाखवल्या. त्यांनी पेन टेबलावर ठेवलं आणि बराच वेळ काही लिहिलं नाही. त्या रात्री जेवणाआधी प्रार्थना झाली, पण नेहमीची गाणी झाली नाहीत. पाळकसाहेबांनी बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानाचा 10वा अध्याय काढला, चांगल्या शोमरोन्याची, म्हणजे शोमरोन प्रदेशातल्या एका वाटसरूची गोष्ट. लहानपणापासून शेकडो वेळा ऐकलेली. वाटेत लुटारूंनी अर्धमेला करून टाकलेल्या माणसाच्या जखमा तो बांधतो, त्याला आपल्या जनावरावर बसवून उतारशाळेत नेतो. आम्ही गोष्ट नेहमी तिथंच सोडायचो. त्या रात्री पुढचं वाचलं. दुसऱ्या दिवशी तो आपल्या वाटेला लागतो. म्हणजे तोही एका रात्रीचाच पाहुणा. पण निघताना उतारशाळेवाल्याच्या हातात दोन दिनार ठेवतो, याची काळजी घे म्हणतो, आणि जास्त खर्च झाला तर परत येताना देईन, असंही सांगतो.

आमच्याजवळ दिनार होते, उतारशाळेवाला नव्हता.

दुसऱ्या दिवशी बालवाडीच्या बाईंना गाठलं. सातवी शिकलेल्या, गावातल्याच, कुणाच्या घरात काय चाललंय हे ठाऊक असलेल्या. सिस्टरांनी त्यांना रक्तदाब मोजायला शिकवलं, यंत्र तिथंच ठेवलं, एक वही आखून दिली. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी चिठ्ठ्यांची जबाबदारी घेतली. गोळ्या मी दर महिन्याला पाठवायचो, मुक्कामाच्या एसटीच्या कंडक्टरकडे पाकीट देऊन. तिसऱ्या वर्षी आजी 150 वर 90 होती. मला म्हणाली, ‘आता अडकित्ता सुपारीलाच.’

आता थोडं औषधाचं. मोतीबिंदू एका शस्त्रक्रियेत निघतो, म्हणून डोळ्यांची शिबिरं पूर्वीपासून चांगली चालली. क्वेट्ट्याच्या मिशन हॉस्पिटलचे डॉ. हेन्री हॉलंड दर हिवाळ्यात सिंधमधल्या शिकारपूरला तळ ठोकायचे, परदेशचे सर्जन काही आठवड्यांसाठी मदतीला यायचे, आणि माणसं बघती होऊन घरी जायची. रक्तदाब, साखर, फिट यांचं तसं नाही. ही औषधं रोजची असतात. मधेच बंद केली की दुखणं उसळतं. म्हणून पुन्हा विचारतो, पुढची गोळी कोण देणार?

याचं उत्तर आपल्याच नगर जिल्ह्यात मिळालंय. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे, दोघं वेल्लोरला शिकलेले, 1970 साली जामखेडला आले आणि तिथंच राहिले. गावानं निवडून दिलेल्या बायका, त्यांतल्या कितीतरी शाळेचं तोंड न पाहिलेल्या, त्यांनी आरोग्य सेविका म्हणून तयार केल्या. 1979 साली आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. देशभर आशाताई आल्या त्या 2005 नंतर. आणि मिरजेच्या मिशन हॉस्पिटलचे डॉ. वानलेस? 1889 मध्ये हिंदुस्थानात आले ते जवळपास 40 वर्षं राहिले. सगळ्यांना असं राहता येत नाही, हे मला कळतं. आठवड्याची रजा काढून येणाऱ्या डॉक्टरांचं मन मोठंच असतं, मी ते जवळून पाहिलंय.

एक गोष्ट मात्र मी चर्चमध्येही ठणकावून सांगतो. औषधाच्या रांगेत धर्माची पत्रकं वाटू नका. आमची प्रार्थना पहाटे, आम्हा-आम्हांत. ज्याला गोळी हवी आहे, त्याला ‘नको’ म्हणायची मोकळीक राहत नाही. आणि ती उद्घाटनं! साखर तपासायला उपाशीपोटी आलेली म्हातारी माणसं अकरा वाजेपर्यंत हारतुरे बघत बसतात. मला ते सहन होत नाही. आधी रक्त घ्या, त्यांना चहा-बिस्किट द्या, मग हवे तेवढे सत्कार करा.

तुमच्या गावात या हंगामात शिबिर ठरत असेल, तर मांडववाल्याला सांगण्याआधी आशाताईंना सांगा. उपकेंद्रात आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्तदाबाच्या, साखरेच्या गोळ्या मोफत मिळतात. पाहुण्या डॉक्टरांनी तिथं मिळणारीच औषधं लिहावीत, हे त्यांना आधीच कळवा. बाहेरदेशचे डॉक्टर असतील तर त्यांना इथं तपासायची परवानगी काढलेली हवी, तेही विचारा. आणि प्रत्येक चिठ्ठीची एक प्रत गावात ठेवून घ्या, आशाताईंच्या वहीत.

ती आजी आता नाही. तिच्या गावची ती वही दोनदा भरली. तिसरी वही बालवाडीच्या बाईंच्या सुनेनं आखली, ती आता तिथं आशा आहे.

नमस्कार.