मुलाखत शूट करताय? आधी खोली ऐका

नमस्कार! मुलाखत शूट करायची म्हटलं की आपला हात आधी कॅमेऱ्याकडे जातो. तो जरा बॅगेतच राहू द्या. खोलीच्या मधोमध उभं राहा आणि एक टाळी वाजवा.

(टाळी वाजवून थांबायचं)

टाळी घुमली, तर मुलाखतही घुमणार. उघड्या भिंती, फरशी, काच आवाज परत फेकतात. पडदे, गादी, पुस्तकांचं कपाट असलेली खोली घ्या, मग ती दिसायला साधी का असेना. पंखा, एसी, फ्रिज बंद. आणि गाडीची किल्ली फ्रिजमध्ये ठेवा, म्हणजे तो पुन्हा चालू केल्याशिवाय तुम्ही निघूच शकणार नाही!

आता माइक. कॅमेऱ्यावरचा माइक लांबून ऐकतो. अंतर दुप्पट झालं की बोलणाऱ्याचा थेट आवाज साधारण 6 डेसिबलने उतरतो, खोलीचा घुमारा मात्र जवळपास तेवढाच राहतो. म्हणून कॉलर माइक, हनुवटीखाली वीतभर अंतरावर. हे बघा... वायर शर्टाच्या आतून घेतली, क्लिपपाशी छोटा वेढा दिला. वायर ओढली गेली तरी धक्का माइकपर्यंत जात नाही. साखळी किंवा स्कार्फ माइकला घासत नाही ना, तेही बघा. रेकॉर्डिंगच्या मीटरवर आवाजाची पातळी उणे 12 डेसिबलच्या आसपास ठेवा (तिथे शून्य ही वरची मर्यादा), कारण टेस्टिंगला हळू बोलणारा माणूस रंगात आला की मोठ्याने हसतो. शून्याला टेकून फाटलेला आवाज नंतर धड दुरुस्त होत नाही. आणि हेडफोन कानावर हवाच, शेवटपर्यंत.

उजेडासाठी खिडकी पुरते. ती पाठीमागे आली की चेहरा काळा पडतो. समोरून तिरकी, 45 अंशांवर हवी. दुसऱ्या गालावर फारच अंधार वाटला तर तिकडे पांढरा थर्माकोल धरा. पिवळा बल्ब बंद करा, नाहीतर अर्धा चेहरा पिवळा, अर्धा निळसर. व्हाइट बॅलन्स, म्हणजे पांढरा रंग पांढराच दिसावा यासाठीची कॅमेऱ्याची सेटिंग, लॉक.

आता काढा कॅमेरा. लेन्स पाहुण्यांच्या डोळ्यांच्या उंचीवर. तुम्ही लेन्सला अगदी खेटून बसा, आणि खिडकी ज्या बाजूला आहे त्याच बाजूला. पाहुणे तुमच्याकडे, म्हणजेच उजेडाकडे बघतील. कॅमेऱ्याकडच्या गालावर हलकी सावली पडेल आणि चेहऱ्याला उठाव येईल. त्यांची नजर जिकडे, तिकडे फ्रेममध्ये थोडी मोकळी जागा सोडा. मोबाइल असेल तर फोकस आणि एक्सपोजर (चित्र किती उजळ दिसावं ते) लॉक करा. दिवे लुकलुकताना दिसले तर शटरचा वेग बदला: वीज 50 हर्ट्झ असेल तिथे 1/50 सेकंद, 60 असेल तिथे 1/60.

उत्तर चालू असताना ‘हं, हं’ करू नका, नुसती मान हलवा. तुमचा हुंकार त्यांच्या वाक्यावर बसला की तो काढता येत नाही. आणि आवरण्याआधी त्यांच्या हातांचे, कामाचे, टेबलावरच्या वस्तूंचे चार-पाच शॉट घ्या. दोन उत्तरं जोडलीत की तिथे चित्र उडी मारतं. ती उडी झाकायला हेच शॉट लागतात.