समितीच्या दारात अडलेले विधेयक

अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहात ४३५ सभासद आहेत आणि सिनेटमध्ये १००. एवढ्या सभेत प्रत्येक विधेयकाची कलमवार छाननी होणे अशक्य असल्यामुळे ते आधी संबंधित स्थायी समितीकडे जाते. समिती साक्षी ऐकते, दुरुस्त्या करते आणि शिफारशीसह विधेयक सभागृहाकडे धाडते. मात्र समितीने ते विचारातच घेतले नाही, तर बहुधा ते तिथेच संपते, आणि त्यासाठी कोणाला विरोधात मतही नोंदवावे लागत नाही.

१९६३ सालचे नागरी हक्कांचे विधेयक याच टप्प्यावर अडले होते. इमॅन्युएल सेलर यांच्या न्यायविषयक समितीने ते ऑक्टोबरअखेरीस मंजूर केले. परंतु सभागृहात चर्चा कधी आणि कोणत्या अटींवर व्हायची, हे ठरवणाऱ्या नियम समितीचे अध्यक्ष हॉवर्ड स्मिथ हे वंशभेदाचे कट्टर समर्थक होते. १९५७ साली असेच एक विधेयक समोर आले, तेव्हा ते गोठा जळाल्याचे कारण सांगून व्हर्जिनियातील आपल्या शेतावर निघून गेले होते. बहुमतातील पक्षाच्या सर्वांत ज्येष्ठ सभासदाला अध्यक्षपद देण्याची प्रथा असल्याने, दक्षिणेतील सुरक्षित मतदारसंघांतून वर्षानुवर्षे निवडून येणाऱ्यांच्या हाती ही पदे एकवटली होती. ज्या मतदारसंघांत कृष्णवर्णीयांना मतदानापासून दूर ठेवले जात होते, तेथील प्रतिनिधींनीच त्यांच्या हक्कांचे विधेयक रोखून धरावे, हा उघड अन्याय होता.

यावर नियमांतच एक तोड होती. निम्म्याहून अधिक, म्हणजे २१८ सभासदांनी सह्या केल्या, तर विधेयक समितीकडून काढून घेता येते. सेलर यांनी तसा अर्ज दाखल केला, सह्या वाढू लागल्या, तेव्हा स्मिथ यांनी जानेवारीत सुनावणी घेतली. १० फेब्रुवारी १९६४ रोजी प्रतिनिधिगृहाने २९० विरुद्ध १३० मतांनी विधेयक संमत केले. सिनेटमध्येही न्यायविषयक समितीचे अध्यक्ष मिसिसिपीचे जेम्स ईस्टलंड होते. त्यांच्याकडे विधेयक गेले असते तर ते परत आले नसते, हे ओळखून बहुमताचे नेते माइक मॅन्सफिल्ड यांनी ते समितीला वगळून थेट सभागृहाच्या कार्यसूचीवर घेतले. दीर्घ अडथळ्यांनंतर २ जुलैला राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी कायद्यावर सही केली.

ज्येष्ठतेच्या प्रथेला धक्का बसण्यास आणखी दशक जावे लागले. १९७५ साली प्रतिनिधिगृहातील डेमोक्रॅटिक सभासदांनी आपल्याच पक्षाच्या तीन ज्येष्ठ समिती-अध्यक्षांना गुप्त मतदानाने पदावरून दूर केले.