बॉनेटखालची नोंद

(दृश्य: सकाळ. नगर-सोलापूर रस्ता, करमाळ्याच्या अलीकडे. रस्त्याला लागून पत्र्याची शेड.)

शेडच्या दारात सात ट्रॅक्टर. त्यातले तीन मधोमध उकललेले. पुढची चाकं एकीकडे, मागची दुसरीकडे, मध्ये लाकडी ठोकळे. ट्रॅक्टरला मोटारीसारखी वेगळी चौकट नसते. इंजिन, गिअरबॉक्स आणि मागचा धुरा एकमेकांना जोडले की तोच त्याचा कणा. म्हणून इंजिनाचं मोठं काम निघालं की ट्रॅक्टर असा दोन तुकड्यांत उभा राहतो.

साखर कारखान्यांची धुराडी थंडावली की मिस्त्रींचा हंगाम सुरू होतो. दोन-दोन ट्रॉल्या ऊस ओढून दमलेली इंजिनं इथं येतात, आणि मृगाच्या आत ती बांधून द्यावी लागतात. हो, बांधून. इथं कुणी 'इंजिन दुरुस्त केलं' म्हणत नाही.

(दृश्य: डिझेलच्या परातीत धुतले जाणारे पिस्टन.)

आधी हेड, म्हणजे इंजिनाचं वरचं झाकण, उतरतं. मग खालचं ऑइलचं चेंबर, मग एकेक पिस्टन. पिस्टन ज्या नळीत वरखाली होतो, त्या लायनरच्या आतून मिस्त्री बोट फिरवतात. वरच्या बाजूला नखाला कड लागली, तर रिंगांनी लायनर खाल्लंय. मापाचं यंत्र भिंतीला टांगलेलं आहे, पण आधी नख.

नंतर क्रँक, पिस्टनच्या जोरानं फिरणारा दांडा. तो घासायला लेथवर जातो. पहिल्यांदा दहा, मग वीस, मग तीस; म्हणजे इंचाचे तेवढे हजारावे भाग. घासला तेवढी जाड बेअरिंग बसवायची. "तीस गेला की क्रँकचं आयुष्य संपलं," मिस्त्री म्हणतात, "मग नवा घ्या, नाहीतर भंगारात बघा."

आणि हे बघा, बॉनेटच्या आतल्या बाजूला ऑइलपेंटनं काहीतरी लिहिलंय. तारीख, लायनरचा मेक, आणि पुढं आकडा: १०. आरसी बुकात मालक किती झाले ते कळतं. इंजिन किती झिजलं ते इथं कळतं.

(दृश्य: शेजारचं मैदान. ओळीनं विकायला उभे जुने ट्रॅक्टर.)

बैल घेताना त्याचे दात बघायचे. अदंत, दोनदाती, चौसा, जुळलेला. ट्रॅक्टरचे दात म्हणजे अवरमीटर, इंजिन किती तास चाललं ते दाखवणारं. पण बाजारात दात घासून वय चोरणारे हेडी, म्हणजे जनावरांचे व्यापारी, होते, तसे इथं मीटरची वायर काढून ठेवणारेही आहेत. त्यामुळे जाणता गिऱ्हाईक मीटरकडं बघतच नाही. तो आल्या आल्या इंजिनवर हात ठेवतो. गरम लागलं, तर मालकानं आपण यायच्या आधीच चालू करून ठेवलंय, आणि थंड इंजिन लवकर चालू होत नाही हे समजायचं. मग धूर. काळा असेल तर पंप आणि नोझल, ते निस्तरता येतं. निळा असेल तर ऑइल जळतंय, म्हणजे पिस्टन-लायनर. मग ब्रीदरच्या, म्हणजे इंजिनातली हवा बाहेर सोडणाऱ्या, नळीवर तळवा. मग गिअरबॉक्सच्या ऑइलची पट्टी: दुधाळ दिसली तर आत पाणी गेलंय. सगळ्यात शेवटी चॅसी नंबरावर कागद ठेवून पेन्सिल घासायची, आणि आरसीवर वित्त कंपनीचा बोजा आहे का ते बघायचं. ट्रॉलीचे कागद वेगळे असतात. ते मागायला लोक विसरतात आणि मग आरटीओच्या खेपा घालतात.

या पांढऱ्या टोपीतल्या दादांनी हा २०११ सालचा ट्रॅक्टर, आधीच्या मालकानं सहा वर्षं वापरून झाल्यावर, त्याच्याकडून २ लाख ९० हजारांना घेतला होता. आज ते ३ लाख मागतायत. मधली सगळी वर्षं त्यानं नांगरलं, ऊस ओढला, एकदा इंजिन बांधून झालं. बैल असता तर त्याची किंमत उतरली असती. दलालानं कॅमेऱ्याकडं पाठ केली आहे, पण आवाज येतोय: "नवा घ्यायला जावा की मग. कोण आडवतंय?"

(दृश्य: महामार्गावरून दिसणारी शोरूमची काच.)

ट्रॅक्टरचा भाव का उतरला नाही, याचं उत्तर दलालाच्या बोलण्यातच आहे. जुन्याचा भाव नव्याला बांधलेला असतो. २०२१ च्या सुमारास पोलाद चढलं तसे नव्या ट्रॅक्टरचे भाव चढत गेले. १ जानेवारी २०२३ पासून ५० अश्वशक्तीच्या वरच्या ट्रॅक्टरांना ट्रेम-४ हा धुराचा नियम लागू झाला. त्यांच्यात कॉमन रेल इंजेक्शन, म्हणजे संगणकाच्या हुकमानं डिझेल फवारणारी यंत्रणा आली, सेन्सर आले. धूर कमी झाला, हे चांगलंच. पण त्या इंजिनाचा रोग बोटाला लागत नाही, त्याला लॅपटॉप जोडावा लागतो. आमच्या मिस्त्रींकडं तो नाही.

२२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. ४५ अश्वशक्तीच्या नव्या ट्रॅक्टरमागं सुमारे ४५ हजार वाचतात, असा सरकारचा हिशेब. टायर आणि सुट्या भागांचा करही १८ वरून ५ वर आला, तेवढाच काय तो या शेडपर्यंत पोचला. महाडीबीटी या सरकारी पोर्टलवरचं ट्रॅक्टर अनुदान अल्पभूधारक, महिला आणि अनुसूचित जाती-जमातींच्या शेतकऱ्यांना जास्तीत जास्त १ लाख २५ हजार, बाकीच्यांना १ लाख. तेही नव्यालाच. २०१५-१६ च्या कृषी गणनेत महाराष्ट्रातलं सरासरी शेत १.३४ हेक्टर होतं. एवढ्या रानाचा धनी या मैदानावर येतो, आणि मैदानाला कुठलीच योजना ओळखत नाही. मिस्त्रींच्या हातालाही नाही. ज्या हातानं चौदा वर्षांचं यंत्र अजून चार हंगाम चालणार, त्याच्याकडं कसलं प्रमाणपत्र नाही, शिकाऊ पोरांना विद्यावेतन नाही.

बैल विकून झालेत, नांगरटीचा एकरी दर दरसाल वाढतो, आणि सहामाही हप्ता थकला तर वसुलीवाले यंत्र बांधावरून ओढून नेतात.

(दृश्य: निळा, बारका ट्रॅक्टर. पोर पुसतंय.)

हा एचएमटी २५११. झेटर या चेक कंपनीच्या तंत्रज्ञानावर हरियाणातल्या पिंजोरला बनलेला. तो कारखाना बंद करायचं २०१६ मध्येच ठरलं. मालकाला विकायचा नाही, पण रोज कुणीतरी विचारून जातं. पोराला याचा पंप खोलायला दिलाय. खोलताना त्यानं प्रत्येक वॉशर वर्तमानपत्रावर ओळीनं मांडलाय, मटणाचे दर छापलेत त्याच पानावर.

(दृश्य: संध्याकाळ. उकललेला ट्रॅक्टर पुन्हा जोडलेला.)

पाचव्या दिवशी पहिलं स्टार्ट. उदबत्ती, लिंबू, पाना बाजूला. एकदा धक्का. दुसऱ्यांदा उचललं. धूर आधी पांढरा येतो, मग विरळ होत जातो. मिस्त्री कान लावून उभे. ऑइलच्या गेजचा काटा वर सरकेपर्यंत कुणी बोलत नाही.

मग पोर डबा उघडतं. बॉनेट वर करून, जुन्या ओळीखाली, आजची तारीख. लायनरचा मेक. आणि पुढं आकडा.

२०.

(इंजिनाचा आवाज. निवेदन समाप्त.)